सत्ताविसावं उदाहरण

उल्हासनगर, कॅम्प ४
१९ जुलै २०२५

ती. मामा,

नमस्कार आधी पोचवते, म्हणजे पुढचं वाचून रागावलात तरी तो परत करता येणार नाही.

कॅम्प चारहून सोनिवलीला तासाभरात येता येतं, तरी मी टपालाला चार दिवस देऊन लिहिते आहे. फोनवर तुम्हाला माझा आवाज कुकरच्या शिट्टीसारखा ऐकू येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही सुप्रभाताची फुलं सोडून काही उघडत नाही. मामी म्हणाली, पत्र लिही, पत्र आलं की ते चष्मा पुसून बसतात. म्हणून हे पत्र.

तर काम असं. मला यंदा पाचवी मिळाली आहे, अडतीस मुलं. तालुक्याला एक नवीन शनिवार वर्ग सुरू होतोय, गणितात विशेष गती असलेल्या मुलांसाठी. प्रत्येक शाळेतून एकच नाव जाणार, वीस सप्टेंबरपर्यंत. आमच्या मुख्याध्यापक सरांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, "जिज्ञासाचं नाव घाला, विषय संपला." जिज्ञासा पहिली येते, अक्षर मोत्यासारखं, स्वभावही गोड. पण मी नुकतंच तीन दिवसांचं प्रशिक्षण करून आले आहे आणि डोक्यात किडा वळवळतो आहे.

तिथे आम्हाला सांगितलं की शिक्षकांना नुसतं "हुशार मुलं सांगा" म्हटलं तर ते नीटनेटकी वही असलेली, हात वर करणारी मुलंच सांगतात. खूप मोठ्या संख्येनं मुलं तपासून लोकांनी हे पाहिलेलं आहे. काही खरी तल्लख मुलं गप्प बसतात, काही कंटाळून खोड्या काढतात, काही गृहपाठ अर्धवट सोडतात. म्हणून आधी सगळ्या वर्गाला एकच चाचणी द्यायची, तीही शिकवायच्या आधी, आणि तिच्यात वरच्या इयत्तांचंही घालायचं. ज्याला जे आधीच येतं ते त्याला परत शिकवायचं नाही, पुढचं द्यायचं. आणि त्याचा उपयोग झाला का ते परत मोजायचं.

अशी चाचणी मला कोण काढून देईल? छत्तीस वर्षं अंबरनाथला गणित शिकवलेला एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे. त्याला सध्या काही काम नाही, असं त्याची बायको म्हणते.

तुमची,
किर्ती

*

सोनिवली, बदलापूर
२५ जुलै २०२५

चि. किर्ती,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या मामीनं ते आधी वाचलं आणि "काम नाही" हे वाक्य मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. मी आहे त्या ठिकाणी आमचं भाताचं खाचर होतं. तेव्हा मी त्यात गुडघाभर चिखलात उभा असायचो, आता त्याच जागेवर सातव्या मजल्यावर खुर्चीत बसलो आहे. एवढी उंची गाठल्यावर माणसानं आणखी काय काम करायचं?

प्रशिक्षणात नाश्ता काय होता ते तू लिहिलं नाहीस. आमच्या वेळी प्रशिक्षणातून माणूस बटाटेवड्याखेरीज काही घेऊन येत नसे. मला विचारशील तर हुशार मूल लपत नाही. वर्गात शिरलो की पहिल्या आठवड्यात मला कळायचं, कोण कुठल्या पाण्यातलं आहे. पण तू मागितलंस, तर देतो.

सोबत चाळीस उदाहरणं आहेत, सगळी सोडवून दाखवलेली. काही बरोबर सोडवली आहेत, काही मुद्दाम चुकीची. मुलांनी फक्त तपासायचं. म्हणजे अक्षर वाईट, लिहायचा वेग कमी, या सबबी संपल्या. पहिली दहा चौथीची, मग दहा पाचवीची, दहा सहावीची, शेवटची दहा सातवीची. वर सूचना एकच: "उदाहरणे तपासून खूण करा." उत्तरसूची वेगळ्या पाकिटात आहे, ती वर्गात नेऊ नकोस.

तुमच्या गावाचा मान राखायला कापड, तागे, गुंड्या असलं काही उदाहरणांत घातलं आहे. सत्ताविसावं माझं विशेष आवडतं आहे. आणि एक सांगून ठेवतो, एकाहत्तराव्या वर्षीही माझ्या पेपरात चूक काढणारा अजून जन्माला यायचा आहे.

तुझा,
श्यामकांतमामा

*

उल्हासनगर, कॅम्प ४
९ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

नमस्कार. मागच्या दिवाळीतही तुम्ही एकाहत्तरच होतात, त्याच्या आदल्या दिवाळीतही. मी काही म्हणत नाही.

नाश्त्याला उपमा होता. पेपर मात्र फर्मास आहे. मुलांना इतका आवडला की मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी अर्धा वर्ग उठेना. "टीचर, ये तो सरांनी गलत किया," असं म्हणत पोरं तुमच्या चुकांवर तुटून पडली होती. शिक्षकाच्या चुका काढायची परवानगी त्यांना जन्मात पहिल्यांदा मिळाली.

निकाल असा. जिज्ञासा चौतीस, सगळ्यांत वर. आकाश तीस, हा मुलगा आजवर माझ्या यादीत कुठेच नव्हता, आणि अपूर्णांक त्याला माझ्याआधी येतात. तेवढ्यावरही तुमच्या पेपरचे कष्ट वसूल झाले. बाकी बरीच मुलं वीस ते सव्वीसच्या मधे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वेणू नावाची मुलगी आहे. तिचे बाबा सोनिवलीचेच, तुमच्या गावचे. तिची आजी बनूबाई अजून तिथे राहते. आई भावना इथे जीन्सच्या कारखान्यात कामाला आहे. वेणू खिडकीजवळ बसते, बोलत नाही, गृहपाठ कधीच पूर्ण करत नाही. दहा बेरजा दिल्या तर शेवटची एक करते आणि वही मिटते. वाटलं होतं तुमच्या पेपरात ही चमकेल. तिला मिळाले एकोणीस.

वीस जागी फुली, वीस जागा कोऱ्या. बरोबरची खूण संपूर्ण पेपरात एकही नाही. विसाच्या खाली गुण असलेल्या मुलांना सरांनी मूलभूत वर्गात टाकलं आहे, रोज दुपारी एक तास, दोन अंकी बेरीज-वजाबाकी. वेणू तिथे जाऊन बसली. काल मी डोकावले तर ती फळ्याकडे पाठ करून खिडकीच्या गजांची सावली बोटानं मोजत होती.

मामा, मला हे पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

तुमची,
किर्ती

*

सोनिवली, बदलापूर
१४ ऑगस्ट २०२५

चि. किर्ती,

आशीर्वाद. उद्या आमच्या सोसायटीत झेंडावंदन माझ्या हस्ते आहे, त्यामुळे आज घाईत लिहितो. भाषण दोन मिनिटांचं करायचं असा मामीचा हुकूम आहे.

तुझ्या वेणूचं गणित सोपं आहे. चाळीस बरोबर-चूकचे प्रश्न नाणं उडवून सोडवले तरी वीस गुण मिळतात. हिला एकोणीस मिळाले, म्हणजे नाण्यापेक्षा एक कमी. वीस फुल्या मारून पोरगी कंटाळली आणि बाकी सोडून दिलं, याहून जास्त त्यात काही नाही. कोरी जागा ती कोरी. तिला मी छत्तीस वर्षांत एकदाही गुण दिलेला नाही.

तुझं मन मऊ आहे, ते तुझ्या आईकडून आलं. खिडकीबाहेर बघणारं प्रत्येक मूल आत काहीतरी मोठं घडवत असतं असं नवीन शिक्षकांना वाटतं. बहुतेक वेळा ते खरंच खिडकीबाहेर बघत असतं. जिज्ञासाचं नाव पाठव आणि मोकळी हो.

बनूबाईला मी ओळखतो. इमारतीच्या फाटकाशी भाजी घेऊन बसते. मला एकदा म्हणाली, "मास्तर, तुमी मोजू नका, मी मोजलाय." तिच्या हिशोबात कधी चूक निघत नाही हे मात्र मान्य करायला हवं.

तुझा,
श्यामकांतमामा

*

उल्हासनगर, कॅम्प ४
२४ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

आज नमस्कार बसून घ्या. उभे राहून वाचण्यासारखं पत्र नाही.

काल शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी वेणूच्या आईला भेटायला गेले. कारखाना आमच्या शाळेमागच्या गल्लीतच आहे. एका खोलीत आठ मशिनं, आणि दाराशी जीन्सचा ढीग. त्या ढिगाशी भावना बसलेली होती, हातात पांढरा खडू. तिचं काम चेकिंगचं. एक पँट उचलते, उलटी करते, शिवण, खिसा, चेन बघते, खाली ठेवते. दुसरी उचलते, बघते, ठेवते. मधेच एका पँटीच्या गुडघ्यावर खडूनं फुली मारते आणि ती वेगळ्या ढिगात टाकते. वेणू शेजारी पुस्तक घेऊन बसली होती. शाळा सुटली की ती आईबरोबर घरी जाण्यासाठी तिथेच थांबते, तिसरीत होती तेव्हापासून.

मी सहज विचारलं, "आणि चांगल्या पीसला कुठली खूण करता?"

भावनानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मूलभूत वर्गातली. म्हणाली, "मॅडम, ओके पीसला कोण खडू लावतो? खडू लागला तर तो आल्टरला, परत शिवायला जाणार ना. पास माल कोराच असतो."

मामा, मला तिचा पेपर आठवला. मी वेणूकडे वळले आणि विचारलं, "त्या पेपरात तू कोऱ्या जागा का सोडल्या होत्यास?" ती म्हणाली, "टीचर, तुम्ही बोलले होते ना, तपासून खूण करा. मी तपासला. खराब होते त्यांना खूण केली. बाकी सगळे पास होते."

मी घरी येऊन तुमची उत्तरसूची परत काढली. कोऱ्या जागा म्हणजे "बरोबर" असं धरून मोजलं. तुमच्या मते चुकीची असलेली एकोणीसच्या एकोणीस उदाहरणं तिनं पकडली आहेत. तुमच्या मते बरोबर असलेल्या एकवीसपैकी वीस तिनं कोरी ठेवली आहेत, म्हणजे पास केली आहेत. सातवीची दहा धरून. एकोणचाळीस, मामा. चाळीसपैकी एकोणचाळीस.

राहिलं एक. तुमच्या मते बरोबर असलेल्या एका उदाहरणावर तिनं फुली मारली आहे. ते आहे सत्ताविसावं.

मी ते इथे उतरवून देते, कारण तुमच्याकडे प्रत नसेल: "वीस मीटर कापडाच्या ताग्याचे एक-एक मीटरचे वीस तुकडे करायचे आहेत. एका कापाला एक मिनिट लागते. एकूण वीस मिनिटे लागतील." मी आज सकाळी वेणूला तिच्या घरी जाऊन गाठलं आणि विचारलं, हे का खराब? ती म्हणाली, "वीसवा तुकडा तर आपोआप निघतो. त्याला कशाला कापायचं?" मग म्हणाली, "आणि एकावर एक ठेवून कापायचं की नाही ते सरांनी लिहिलंच नाही. ठेवून कापलं तर पाच मिनिटं बस्स."

पाच कसे ते मला अजून उमगलेलं नाही. तुम्ही बघा.

मी तशीच आमच्या मुख्याध्यापक सरांच्या घरी गेले. ते वाईट नाहीत, पण कागदाचे माणूस आहेत. म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटतं, पण कागदावर तिला एकोणीस आहेत. एकट्या मुलीला दुसरा पेपर दिला तर जिज्ञासाचे वडील उद्या दारात उभे राहतील, आणि त्यांचं चुकणार नाही. ज्यांनी पेपर काढला त्यांनी लिहून द्यावं की कोरी जागा हे उत्तर धरायचं आणि सत्ताविसाव्याची सूची चुकली आहे. सहीनिशी. मग मी नाव बदलतो."

म्हणजे आता सगळं तुमच्या सहीवर आहे. वीस सप्टेंबरच्या आत.

तुमची,
किर्ती

*

उल्हासनगर, कॅम्प ४
८ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

नमस्कार. गणपती आले आणि गेले, तुमचं उत्तर आलं नाही. विसर्जनाला तुमच्याकडे यायचं होतं, पण इथे शाळेचा गणपती माझ्या गळ्यात पडला.

मामीला फोन केला होता. ती म्हणाली, "तुजं टपाल आलं तवापासून ते कातरी घेऊन बसलेत. माज्या जुन्या लुगड्याचा काठ पण गेला. मी इचारलं काय झालं, तर म्हणतात काय नाय." एवढंच तिला सांगता आलं, आणि मला त्यावरून काही कळलं नाही. तुम्ही रागावलात का? मी तुमच्या पेपरात चूक निघाली म्हणून आनंदानं लिहिलं, ते लागलं असेल तर माफ करा.

पण मामा, वेणू अजून रोज दुपारी त्या मूलभूत वर्गात जाते. तिथे चौदा अधिक तेवीस करून देते आणि पुन्हा सावली मोजत बसते. मी माझ्या वर्गात नवीन पद्धत लावली आहे. गृहपाठातली सगळ्यांत अवघड पाच उदाहरणं आधी करायची. चार बरोबर आली तर बाकीची माफ, आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन पुढच्या इयत्तेचं घ्यायचं. पहिल्याच दिवशी वेणू, आकाश आणि जिज्ञासा टेबलापाशी होते. वेणूनं या शाळेत पहिल्यांदा गृहपाठ पूर्ण केला. मागच्या आठवड्यात पुन्हा चाचणी घेतली तर तिघंही पुढे सरकलेत. पण हे माझ्या एका तासापुरतं. दुपारची घंटा झाली की ती दप्तर उचलून तिकडे जाते, आणि जाताना माझ्याकडे बघते. ते मला बघवत नाही.

बारा दिवस उरलेत. नाही लिहायचं असेल तर तसं तरी लिहा.

तुमची,
किर्ती

*

सोनिवली, बदलापूर
११ सप्टेंबर २०२५

चि. किर्ती,

आशीर्वाद मागच्या पत्रासारखेच, पण या वेळी जरा उशिरानं.

रागावलो नव्हतो. म्हणजे पहिले दोन दिवस रागावलो होतो. उदाहरण मी तीनदा वाचलं आणि तीनदा मनात म्हटलं, वीस तुकडे, वीस काप, पोरीला काय कळतंय. मग मामीच्या लुगड्याचा काठ घेतला, वीत वीत मोजून खुणा केल्या आणि कापायला बसलो. एकोणिसाव्या कापाला हातात दोन तुकडे राहिले आणि कापायला काही उरलं नाही. मामी दारात उभी होती. म्हणाली, "कान गेला तो गेला, आता डोलाही गेला काय?" मी तुकडे पुन्हा एकदा मोजले.

त्यानंतर पाचाचा विचार. किर्ती, मला दहा दिवस लागले. आधी मला सात आले, मग सहा. दहा-दहाचे दोन, ते एकावर एक, पाच-पाचचे चार, ते एकावर एक, इथपर्यंत कोणीही जाईल. पाच मीटरशी मी अडकलो. दोन आणि तीन असे पाडायचे, मग सगळे एका टोकाला जुळवून ठेवायचे, एक काप, आणि उरलेल्या दोन-दोनच्या तुकड्यांना शेवटचा काप. पाच. खालच्या मजल्यावरच्या विनीतनं विचारलं, "काका, क्राफ्टचा क्लास लावलाय का?" त्याला मी ते समजावून सांगत होतो तेव्हा मला कळलं की मी दहा दिवसांत एवढा खूश कधी नव्हतो. आणि त्याच वेळी लाजही वाटली.

लाज का, तेही आता लिहितो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. १९९१ साली माझ्या सहावीच्या वर्गात जनू नावाची मुलगी होती, आपल्या इकडच्याच शेतकरी घरातली. मी फळ्यावर एक उदाहरण सोडवलं. ती मागच्या बाकावरून उठली आणि म्हणाली, "गुरुजी, ते चुकलाय." मी तिला तासभर दाराबाहेर उभी केली. दुपारी डबा खाताना मी ते कागदावर करून पाहिलं. तिचं बरोबर होतं. मी वर्गात गेलो, फळा पुसला आणि पुढचा धडा घेतला. तिला आत बोलावलं, पण का बोलावलं ते सांगितलं नाही. त्यानंतर ती वर्षभर एकदाही काही बोलली नाही. सातवीनंतर शाळेतून गेली. आता ती कुठे आहे, मला माहीत नाही.

हुशार मूल माझ्या नजरेतून सुटत नाही, असं मी तुला लिहिलं. सुटलं नव्हतं. मला दिसलं होतं आणि मी त्याला बाहेर उभं केलं होतं. तुझ्या प्रशिक्षणाची मी टिंगल केली ती मागे घेतो. नजरेवर भरवसा ठेवू नका, तपासून बघा, हे मला कुणी तरुणपणी सांगायला हवं होतं, उपम्यासकट.

तुझ्या मुख्याध्यापकांना हवं ते पत्र सोबत जोडलं आहे. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की सूचना संदिग्ध होती, तो दोष माझा. कोरी जागा "बरोबर" असं धरावी. आणि सत्ताविसाव्या उदाहरणाची सूची चुकीची आहे, विद्यार्थिनी बरोबर आहे. चाळीसपैकी चाळीस. सगळ्या मुलांचे पेपर या दुरुस्तीनं पुन्हा तपासावेत असंही लिहिलं आहे, म्हणजे कुणावर अन्याय नको. खाली सही आणि "निवृत्त मुख्याध्यापक" लिहिलं आहे. टपालाचा भरवसा नको म्हणून विनीतच्या हाती पाठवतो, तो उद्या त्याच बाजूला जातो आहे.

दुसऱ्या पाकिटात वेणूसाठी चिठ्ठी आहे. ती तिलाच दे. तू वाचलीस तरी चालेल, नाहीतर तू वाचणारच.

तुझा,
मामा

*

सोनिवली
११ सप्टेंबर २०२५

चि. वेणू हिला,

आपली ओळख नाही, पण तू माझा पेपर तपासला आहेस, म्हणजे तू मला थोडीफार ओळखतेस. तुझ्या टीचर माझी भाची. तुझी आजी बनूबाई रोज मला भाजी देते आणि मला मोजू देत नाही.

मी जून १९७४ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, पहिल्यांदा वर्गात उभा राहिलो. आज मी एकाहत्तर वर्षांचा आहे. एवढ्या काळात मी हजारो पेपर तपासले, पण माझा पेपर कुणी तपासून दिला नव्हता. तू दिलास.

सत्ताविसावं उदाहरण माझं चुकलं. वीस तुकड्यांना एकोणीस काप लागतात. एकावर एक ठेवून पाच कापांत होतं, हे मला तुझ्यामुळे कळलं आणि ते मला फार आवडलं.

तुझ्या कोऱ्या जागा बघून मी म्हणालो होतो की ही मुलगी कंटाळून सोडून देते. ते मी न तपासता बोललो. माझी चूक झाली, वेणू, मला माफ कर.

आता माझा एक प्रश्न. तागा एकवीस मीटरचा असेल तर किती काप? आणि तेहतीस मीटरचा असेल तर? घाई नाही.

तुझा,
श्यामकांत गुरुजी

*

उल्हासनगर, कॅम्प ४
२७ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

नमस्कार, वाकून, आणि या वेळी मनापासूनही.

वेणूचं नाव गेलं. तुमचं पत्र सरांनी दोनदा वाचलं, मग कपाटातून सगळे पेपर काढले आणि माझ्यासमोर बसून स्वतः पुन्हा तपासले. सत्ताविसाव्यात आणखी कुणालाच गुण वाढला नाही; फुली मारणारी तीच एकटी होती. सरांनी मग तो पेपर पुन्हा हातात घेतला आणि म्हणाले, "मूलभूत वर्गाची यादी मी पण न बघता केली हो." ती यादी आता ते स्वतः पुन्हा करताहेत, एकेका मुलाला जवळ बसवून. जिज्ञासाच्या वडिलांनाही त्यांनीच बोलावून सगळं दाखवलं. ते गृहस्थ कापडवाले आहेत, एकोणीस काप ऐकून हसायला लागले, म्हणाले, "हे तर माझ्या दुकानातल्या माणसालाही सांगून पटत नाही." जिज्ञासा दोन दिवस खट्टू होती, तिसऱ्या दिवशी वेणूच्या बाकावर जाऊन बसली आणि म्हणाली, "मला ते पाचवालं शिकव." शनिवार वर्गाला पुढच्या वर्षी दोन नावं जातील असं ऐकते आहे. तोवर माझं टेबल आहेच.

आज वेणूचा पहिला शनिवार होता. भावनानं कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. वर्ग सुटल्यावर वेणू बाहेर आली ती बोलतच आली. मामा, मी तिला तीन महिने शिकवते आहे असं धरा, तेवढ्यात बोलली नसेल तेवढं ती शाळेच्या फाटकापासून रिक्षापर्यंत बोलली. भावना माझ्याकडे बघून पदरानं डोळे टिपत होती आणि हसतही होती. मीही तेच केलं.

आता तुमच्या चिठ्ठीबद्दल. ती मी तिला तेराला दिली. अर्थातच आधी वाचली. तिनं ती मधल्या सुट्टीत एका कोपऱ्यात बसून वाचली आणि दप्तरात ठेवली. दुसऱ्या आठवड्यात तिनं ती मला परत आणून दिली. म्हणाली, "टीचर, तपासून झाली. सरांना पाठवून द्या." ती मूळ चिठ्ठी सोबत आहे, जपून उघडा, खडू सांडेल.

मागच्या बाजूला तिची उत्तरं आहेत. एकवीस मीटरला पाच, आणि बत्तीसपर्यंत पाचच, तेहतीसला सहा. मी पडताळून पाहिलं, मला दोन दिवस लागले.

पुढच्या बाजूला संपूर्ण चिठ्ठीत तिनं एकच फुली मारली आहे. "एकाहत्तर" या शब्दावर. खाली बारीक अक्षरात वजाबाकीही करून दाखवली आहे. मामीला हे पान आवर्जून दाखवा.

बाकी चिठ्ठी तशीच आहे. तरी मी खात्री करून घ्यायला, तुम्ही माफी मागितली आहे ना, त्या ओळीवर बोट ठेवून तिला विचारलं, "आणि हे?"

तिनं वाकून ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तिथे कुठे खूण आहे, टीचर?"

तुमची,
किर्ती